एकच खिसा

डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर सहीसाठी काढलेलं पेन पुन्हा खिशात ठेवलं आणि पोलिसांना फोन लावला.

म्हातारा पलंगावर अर्धवट उठून बसलेला होता. गळ्यातली श्वासाची नळी कफाने तुंबलेली, ओठ काळेनिळे, उजवा हात अजून कीबोर्डवर. समोरच्या पडद्यावर मात्र शांतपणे लिहिलेलं होतं : ‘झोपतोय. उठवू नका.’

“झोपायला निघालेल्या माणसाची बोटं अशी वाकडी होत नाहीत,” डॉक्टर म्हणाले.

तपासाला ज्या बाई आल्या त्यांना खात्यात ‘जळू’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती; पण बाईंना नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

घरचा धंदा भाषांतराचा. यंत्रांसोबत खोक्यात जी माहितीपुस्तकं येतात आणि जी कुणी उघडून बघत नाही, ती हे तिघं लिहीत : बाप, मुलगा आणि मुलगी. मुलीला सगळे चिऊ म्हणायचे. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. ओल्या कपड्यांनी तिची बाही अजून भिजलेली होती.

“हे वाक्य तुम्ही कुठं पाहिलंत?” जळूबाईंनी विचारलं.

“इथंच. या पडद्यावर. गॅलरीत कपडे वाळत घालून आत आले तेव्हा.”

“पण ते लिहिलंय त्यांच्या खोलीत.”

“ते एकच आहे, मॅडम. अडगळीच्या खोलीत एक मशीन आहे. लिहायचा प्रोग्राम, एडिटर, तिथं सुरू करून ठेवलाय, तो कधी बंद होत नाही. आम्ही आपापल्या जागेवरून त्याला नुसती खिडकी उघडतो. खिडकी मिटली तरी आतलं सगळं जागच्या जागी. बाबांनी तिकडं लिहिलं की इकडं उमटतं. आवाज गेल्यापासून ते असंच बोलायचे. ‘बोलायचं पान’ म्हणतो आम्ही त्याला.”

“म्हणजे त्या पानावर तुम्हीही इथून लिहू शकता?”

“हो.”

“घंटा नव्हती त्यांच्याजवळ?”

“होती. त्यांनीच काढायला लावली. म्हणाले, मी काय नोकराला बोलावतोय?”

“घरात आणखी कोण होतं?”

चिऊने मान खाली घातली. “मी एकटीच.”

हवालदाराने बाईंकडे असं पाहिलं की जणू गाडी दारात लावायचीच बाकी आहे. ते वाक्य म्हाताऱ्याने लिहिलं नसेल तर ते या स्टुलावरून लिहिलं गेलं, आणि स्टुलावर पोरगी बसली होती. बिचारीला तेही कळत होतं. “मी आत जाऊन बघायला हवं होतं,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. गुन्हेगार ठरायला एवढं वाक्य पुष्कळ होतं.

तेवढ्यात भाऊ आला, खांद्याला लॅपटॉपची बॅग लटकवून. बापाकडे त्याने दारातूनच पाहिलं आणि बहिणीवर तोंड टाकलं. “दोन पावलांवर होतीस ना गं? काय डोळे फुटले होते?”

जळूबाईंनी त्याला बाहेरच्या खोलीत नेलं.

“कुठं होतात?”

“छापखान्यात. लिफ्टच्या पुस्तकाचं काम होतं. लिफ्ट कंपनीचा माणूस तिथंच येऊन बसला होता. दोन वाक्यं काढा म्हणाला.”

“कुठली?”

“‘दार न उघडल्यास घंटा दाबा’ हे एक. घंटा बसवायचीच नाही म्हणे आता. मग बऱ्याच वेळाने पानं चाळता चाळता म्हणाला, ‘घाबरू नका, मदत येत आहे’ हेही काढा.”

“काढलीत?”

“अजून नाही. लॅपटॉप बॅगेतून बाहेरच काढला नाही. कागदावर खुणा केल्या.” तो उठला. “मॅडम, ते मशीन बंद करून येऊ का? फार तापतं.”

“तापू दे,” बाई म्हणाल्या.

त्या पुन्हा स्वयंपाकघरात आल्या. “चिऊ, या पानावरचं खोडलेलं कुठं जातं?”

“आमच्याकडं खोडत नाहीत. कापतात. बाबांचा नियमच होता. लिहिलेलं फेकायचं नाही, कापून खिशात टाकायचं, उद्या लागेल. लहानपणी त्यासाठी दादाने हातावर पट्टी खाल्लीय. आता आमची बोटं दुसरं काही करतच नाहीत.”

“आणि खिसा?”

“सगळ्या खिडक्यांना मिळून एकच. शेवटचं कापलेलं वर, आधीचं त्याच्याखाली. एक कळ दाबत गेलं की एकेक बाहेर येतं.”

ती कळ कुठली हे बाईंनी विचारून घेतलं आणि अडगळीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. हवालदाराने इतक्या वर्षांत तो उतरलेला पाहिला नव्हता. त्यांनी त्याला म्हाताऱ्याच्या खोलीत पहाऱ्याला बसवलं आणि दोघा भावंडांना स्वयंपाकघरात बोलावलं.

“तुमच्या वडिलांनी हाक मारली होती,” त्या म्हणाल्या. “दोनदा. ‘नळी तुंबली. ये.’ आणि पुन्हा, ‘लवकर ये.’ दोन्ही हाका कुणीतरी कापल्या आणि त्या जागी ‘झोपतोय’ लिहिलं.”

“कुणीतरी काय? घरात हीच होती!” भाऊ म्हणाला.

“घरात हीच होती. पण खिडकी कुठूनही उघडते. आता खिशात काय आहे ते ऐका. सगळ्यात वर, ‘घाबरू नका, मदत येत आहे.’ त्याच्याखाली वडिलांच्या हाका. हाकांच्या खाली, ‘दार न उघडल्यास घंटा दाबा.’ ही दोन वाक्यं काढायची हे आज फक्त तुम्हाला माहीत होतं. एक तुम्ही हाकांच्या आधी कापलंत, एक नंतर. म्हणजे हाका आल्या तेव्हा तुमचा लॅपटॉप उघडा होता, त्या तुमच्यासमोरही उमटल्या. बहिणीने त्या कापल्या असत्या, तर तुम्ही तिला फोन केला असता. तुम्ही फोन केला नाहीत. गिऱ्हाईकाचं दुसरं वाक्य कापलंत, बॅग भरलीत आणि इथं येऊन मशीन बंद करायला निघालात. मशीन बंद झालं की खिसा रिकामा.”

भावाने कानावर हात ठेवून पाहिले. मग बहिणीच्या चेहऱ्याकडे नजर गेली आणि तो एकदम हसला.

“साधं खोडायचं होतं,” तो म्हणाला. “साधी कळ दाबली असती तर काही उरलं नसतं. पण बोटांनी कापलं. त्यांनीच वळण लावलं ना! मी मारलं नाही त्यांना. मी वाक्य कापलं. शाळेपासून ते माझं प्रत्येक वाक्य कापत आले. आता तर मी लिहितोय तोवर, माझ्या डोळ्यांदेखत, पलंगावर पडून एका हाताने! आज त्यांचं वाक्य माझ्या हातात आलं. एकदा वाटलं, बघू तरी कसं वाटतं ते.”

“कसं वाटलं?” बाईंनी विचारलं.

“छान वाटलं.”

बाईंनी त्याचा दंड धरला. “चला.”

“थांबा ना मॅडम. सगळं कुठं सांगितलंत?” तो बहिणीकडे वळला. “हाका दोन नव्हत्या, चिऊ. तीन होत्या. तिसरी यांनी गिळली. मी घरात नाही हे बाबांना माहीत होतं. शब्द डोळ्यांसमोर कापले जातायत म्हटल्यावर कुणाचं नाव घेतील ते?”

“खोटं बोलतोय तो,” जळूबाई म्हणाल्या. आजवर त्या साक्षीदाराशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या, आणि त्यांना ते नीट जमलं नाही.

चिऊ उठली. खिसा कसा उपसायचा हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने कळ दाबली. लिफ्टचं वाक्य आलं. पुन्हा दाबली. त्याच्या जागी दुसरं आलं :

‘चिऊ, तू का कापतेस गं?’

भावाला खाली नेऊन गाडीत बसवलं तरी ती तशीच उभी होती. परत आलेल्या बाई तिच्या मागे येऊन थांबल्या. पुराव्याला हात लावू नका, असं म्हणणं त्यांचं काम होतं. त्यांनी स्टूल तिच्याकडे सरकवलं.

चिऊने दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले.

आतल्या खोलीतून हवालदाराची घाबरलेली हाक आली. “मॅडम! इथं कुणी नाही, आणि म्हाताऱ्यासमोर आपोआप अक्षरं उमटतायत!”

“काय उमटतंय?”

“‘मी नव्हते, बाबा.’” तो वाचू लागला. “‘मी नव्हते, बाबा. मी नव्हते, बाबा.’ थांबतच नाहीये, मॅडम. काय करू?”

“चालू राहू दे,” बाई म्हणाल्या.