चार कोरी बटणं

जुनं मशीन मी आता उघडत नाही. तुम्ही लांबून घेऊन आलात, तेव्हा बसा, चहा घ्या, का ते सांगतो.

सरकारनं कारभार मराठीत करायचं ठरवलं, तेव्हा बुलढाण्यात मला जेवायला सवड नव्हती. नवं मराठी टाइपरायटर परवडणार कोणाला? मी मोडीत निघालेली इंग्रजी मशीनं उचलायचो, दांड्यांवरचे इंग्रजी टाइप, म्हणजे अक्षरांचे ठसे, काढून मराठी डागायचो, वरची बटणं बदलायचो. आठ दिवसांत साहेब मराठी बोलायला लागतो, अशी माझी थट्टा असायची.

धाकटी बहीण कोकिळा माझ्याकडेच राहायची. मूलबाळ होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं होतं. एका कचेरीत ती इंग्रजी टायपिस्ट होती, तीही तात्पुरती. मे महिन्यात तिला पत्र आलं. मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हा, नाहीतर कामावरून कमी करू. परीक्षेला मशीन स्वतःचं न्यायचं. दुसऱ्याच्या चुलीवर पोट भरायची पाळी पुन्हा येऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं आणि ते माझंही होतं.

एका स्प्रिंगसाठी जळगाव जामोदला गेलो होतो. तिथं निजामभाईच्या भंगारात, डब्यांच्या ढिगाजवळ, एक मशीन उन्हात पडलं होतं. दांड्या सरळ, रूळ शाबूत. मी भाव विचारला तर निजामभाई म्हणाला, "घेऊन जा शालिग्रामभाऊ. देणारा तं वजनाले बी उभा नाही राह्यला."

घरी आणून पुसलं. बटणांवरची अक्षरं झिजून गेली होती, काहींना तर बोटाचा खळगा पडलेला. फक्त डावीकडची, एकाखाली एक, अशी चार बटणं कोरी करकरीत होती. ती चारही डाव्या करंगळीशेजारच्या बोटाची. मालकाचं ते बोट तुटलेलं असेल, असं म्हटलं आणि कामाला लागलो. सगळी बटणं बदलली, टाइप डागले, नवी रिबन चढवली.

कोकिळेचा हात तिसऱ्याच दिवशी वाऱ्यासारखा चालायला लागला. मी खूश. दुपारी मी वर्तमानपत्रातून मजकूर सांगायचो आणि ती छापायची. बाहेर रणरणतं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि खोलीत तो खडखडाट. चौथ्या दुपारी त्या आवाजात काहीतरी खटकलं. टक टक टक, मग जराशी जागा. पुन्हा टक टक टक. मी वाचता वाचता मान वर केली. तिचं करंगळीशेजारचं बोट ताठ वर उभं होतं, आणि त्याचं काम शेजारची बोटं करत होती.

"ते बोट काऊन वर ठेवलं?" मी विचारलं.

तिनं हाताकडे पाहिलं. "मी नाही ठेवलं, दादा..."

मी ते बोट धरलं. भर मेच्या दुपारी ते रांजणाच्या बुडासारखं गार लागलं. मी हळूच माझ्याकडे ओढलं. बोट लाकडासारखं झालं असतं तर मला भीती वाटली नसती. पण मी ओढलं, तसं दुसरीकडूनही कोणीतरी ओढलं. मशीनच्या तेलाच्या वासात आणखी एक वास होता. टाळू भरलेल्या तान्ह्या पोराचा.

"दुखून राह्यलं का?"

"नाही..." ती अगदी हळू बोलली, जागं होईल कोणी, अशा बेतानं. "धरलेलं हाये. लेकरू चालताना बोट धरते न... तसं."

मशीन खांद्यावर घेऊन मी दाराकडे निघालो. परीक्षा चार दिवसांवर आली होती आणि दुकानातली बाकीची सगळी मशीनं अजून इंग्रजीच होती, हे मला माहीत होतं, तिलाही. ती दारात आडवी उभी राहिली.

"बोट गेलं तं गेलं, दादा. नऊ हायेत. नोकरी एकच हाये."

मी मशीन खाली ठेवलं. तिथंच चुकलो.

ती पास झाली, सगळ्यांत पुढे. त्याच संध्याकाळी मी मशीन घणानं फोडलं आणि तुकडे राजूर घाटात फेकून आलो. सोमवारी मी तिला कचेरीपर्यंत सोडायला गेलो. डावा हात खाली सोडून, त्या बाजूला जराशी वाकून ती बेताबेतानं पावलं टाकत होती. मी पुढे गेलो तर म्हणाली, "सावकाश चल न, दादा. पाय लहान हायेत." कोणाचे, ते मी विचारलं नाही. तिचा चेहरा इतका सुखाचा मी लग्नातही पाहिला नव्हता.

तिची नोकरी कायम झाली, पगार वाढला. वर्षं गेली. आधी तिचं वाकणं कमी झालं, मग थांबलं. शेजारच्या जनकाबाई म्हणायच्या, तुमच्या बहिणीची कंबर धरायची ती बरी झाली. मी मान हलवायचो. तिचा तो हात दरवर्षी थोडा थोडा वर येत होता, हे फक्त मलाच दिसत होतं. कमरेशी आला, मग छातीशी. तिला विचारलं की ती विषय बदलायची. अलीकडे तर हसणंही सोडलं होतं.

परवा कचेरी सुटायच्या वेळी मी इथंच बसलो होतो. कोकिळा रस्त्यानं आली. डावा हात डोक्याच्याही वर ताणलेला, बाजारात बापानं हात धरून नेलेल्या पोरीसारखा. ती चालत नव्हती, जवळजवळ पळत होती. पदर पडलेला, एक चप्पल पायात नव्हती. मी हाक मारली. तिनं कशीबशी मान वळवली.

"थांबूच नाही देऊन राह्यला, दादा..." ती म्हणाली आणि आपल्या दारावरून पुढे गेली.