चाळिसावं पोर

झोप आली असेल त्यानं आत्ताच उठावं. मधेच उठून गेलेलं मला खपत नाही. आणि ही कुणाकडून कानावर आलेली गोष्ट नव्हे. ओबुरा माझ्या वर्गातला. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय मला, एकदाच. पुन्हा विचारलं तर उठून गेला.

ओबुरा तेव्हा सरोवराच्या खालच्या किनाऱ्याचा सब-चीफ होता, म्हणजे सरकारचा गावातला माणूस. शाळा चुकवणारी पोरं धरायची आणि वर्गात नेऊन बसवायची, हे त्याचं काम. नऊ वर्षं तेच करत होता बिचारा, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. चंद्र नसला की ओमेना मासळी दिव्यावर येते, आणि मासळी आली की निम्मी शाळा होडीत. आईबापांना बोललं की म्हणायचे, साहेब, तुम्ही एवढे शिकलात, तरी आमच्या दारात चपला झिजवताच ना? वर तो वळणावर दिसला रे दिसला की एखादी बाई पातेलं वाजवायची. पहिल्या ठोक्याला पोरं लव्हाळ्यांत पसार. तुम्ही हसताय, कारण तुम्हीही तेच केलंय, मला काय माहीत नाही?

त्या ऑक्टोबरात वरून चिठ्ठी आली. गुरुवारी तपासनीस येणार, डोकी मोजणार. चाळीस भरली नाहीत तर शाळा बंद, मग दीड तास चालत नदीपलीकडच्या शाळेत जा. ही शाळा ओबुरानंच उभी केलेली, पत्रे डोक्यावरून वाहून. त्यानं दारोदार हात जोडले, दम दिले, आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस पोरं कबूल करून घेतली. चाळिसावा राहिला तो ओलांग. ओबुराचाच नातू. बारा वर्षांचा, आठवडाभर कुणाच्या हाती लागला नव्हता.

"लोकांची गुरं हाकता आणि घरचं वासरू मोकाट," त्याची बायको दोर्सिला म्हणाली. "आधी त्याला आणा."

ते त्याला लागलं. ताटातली मक्याची उगाली तशीच टाकून उठला, विजेरी घेतली आणि चालत निघाला. अमावास्या होती. सव्वाआठ वाजले होते.

किनाऱ्यावर ओलांगला कुणीच पाहिलं नव्हतं. कुणी म्हणालं तो वरच्या धक्क्यावर गेला, वरच्या धक्क्यावर म्हणाले खाली असेल. जाळी सांधणारी एक म्हातारी तर त्यालाच सांगायला लागली, की पोर हरवलं तर चीफकडे जायचं असतं बाबा. सगळे पोट धरून हसले. दोन तास होड्या पालथ्या घालून ओबुरा लव्हाळ्यांकडेच्या पायवाटेनं घरी वळला. रागानं डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. एका पोरापायी नऊ वर्षं मातीत जाणार होती, आणि ते पोर घरचं.

साडेदहाला वारा सुटला. सरोवराकडून, गार.

वरच्या वस्तीत एक पातेलं वाजलं. मग दुसरं. मग पत्रे बडवायला लागले.

तुमच्या आयांनी शिकवलंच असेल. असा वारा आला की पाण्यात बुडून गेलेली माणसं वाटेला लागलेली असतात. त्यांनाच न्यावावा म्हणायचं. भांडी वाजवायची, त्यांना पुढे जाऊ द्यायचं, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. ओबुरालाही हे पक्कं माहीत होतं. पण त्या रात्री त्याच्या डोक्यात एकच बसलं, की मला बघून हे पोरांना सावध करतायत.

तेवढ्यात बाजूची लव्हाळी हलली. आत बरीच पावलं होती.

त्यानं विजेरी मारली. कुणी दिसलं नाही. त्याचा बांध फुटला.

"बस झालं आता," तो ओरडला. "जेवढे आत असाल तेवढे उद्या आठ वाजता शाळेत या. सगळे. मी मोजणार आहे."

लव्हाळी थांबली. वारा... पडला.

वर भांडी वाजतच होती.

"ऐकलं का?"

"हो," आतून एक पोर म्हणालं. मग बरीच म्हणाली. हळू. "हो..."

नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याला एका सांगण्यात हो म्हटलं होतं. त्याला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, तो म्हणाला मला. म्हणून तो पुढे बोलला.

"आणि माझ्या ओलांगलाही आणा. तुमच्यात बसवून घ्या."

आतली पावलं लांब सरकली.

"...आणतो."

हा आवाज लव्हाळ्यांपलीकडून आला होता. तिथे उभं राहायला जमीन नाही. तिथे पाणी आहे, तीन पुरुष खोल.

भांडी थांबली.

ओबुरा कसा घरी पोचला, त्याला आठवत नाही. ओलांग स्वयंपाकाच्या झोपडीत पोत्यांमागे झोपला होता. संध्याकाळपासून तिथेच. ओबुरानं त्याला कवटाळलं आणि उजाडेपर्यंत सोडलं नाही. गुरुवारी आठ वाजता शाळेची घंटा झाली तेव्हा दाराला आतून कडी होती आणि नातवाचं मनगट त्याच्या मुठीत.

दुपारी मुख्याध्यापिका अकुमू मॅडम धावत आल्या. शाळा वाचली म्हणाल्या. तपासनिसांनी दोनदा मोजली, एकसष्ट भरली.

"तुम्ही किती मोजलीत?" ओबुरानं विचारलं.

मॅडमचं हसू गेलं. त्यांच्या हजेरीत एकोणचाळीसच होती. पण साहेब जाताना म्हणाले होते, मागे खाली बसलेल्या बावीस जणांना बाकं करून घ्या, फार शिस्तीची पोरं आहेत.

शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं ओबुरानं ओलांगला एल्डोरेट शहरात आपल्या बहिणीकडे पाठवलं, पाण्यापासून लांब. पोरगं फोनवर विचारतं, आजोबा, मी आपल्या शाळेत कधी येऊ? गावभरची पोरं शाळेत कोंबणारा माणूस, फोन बायकोच्या हातात देतो. काम सोडलं त्यानं. मला म्हणाला, जिवंत पोरं पाया पडलो तरी एक दिवस धड बसली नाहीत, आणि ज्यांना मी नुसतं एकदा सांगितलं...



शाळा चालू आहे. मी जाऊन बघितलंय. मागच्या भिंतीपाशी मातीच्या जमिनीवर ओल आहे, पोर मांडी घालून बसेल एवढाले डाग, बावीस, दोन ओळींत. कितीदा सारवलं, जानेवारीच्या उन्हातही वाळत नाहीत. पुढच्या ओळीत मधोमध एक जागा कोरडी आहे. तिच्या दोन्हीकडचे डाग जरा जरा बाजूला सरकलेत. बारा वर्षांचं पोर मावेल एवढी जागा आहे ती.