थांबलेलं पेन

मतदान सुरू होण्याआधी रिकामी मतपेटी सगळ्यांना दाखवायचा नियम आहे. केंद्रप्रमुखांनी झाकण उघडलं, एक तरुणी आत बघायला वाकली, समोरचा तरुणही त्याच क्षणी वाकला... आणि दोघांची डोकी ठण्णकन आपटली.

"पेटी रिकामी असल्याचं दोघांनी पाहिलं ना?" केंद्रप्रमुखांनी चष्म्यावरून विचारलं.

"मी पाहिलं," ती म्हणाली.

"मी फक्त तारे पाहिले," तो कपाळ चोळत म्हणाला. मग पुन्हा वाकून, नीट तळापर्यंत बघून त्याने कागदावर सही केली.

ती एका दवाखान्यात औषधं द्यायची. गोळ्या मोजून मोजून नजर इतकी तयार झाली होती की नागरिकांच्या एका गटाने तिला निरीक्षक म्हणून पाठवलं होतं. निरीक्षकाने बघायचं आणि लिहायचं. कशाला हात लावायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, काही खटकलं तर केंद्रप्रमुखांकडे लेखी द्यायचं. तो एका उमेदवाराचा प्रतिनिधी होता. उमेदवार म्हणजे त्याचे सख्खे मामा. लहानपणापासून त्याला त्यांनीच वाढवलेलं. मामांच्या विरोधात उभ्या होत्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वॉर्ड लहान, केंद्र एकच.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. लोक ओल्या छत्र्या दाराशी टेकवून आत येत, बोटाला शाई लावून घेत, पडद्याआड जात. ती सगळं टिपत होती... किती वाजता रांग वाढली, कुणाचं नाव यादीत सापडलं नाही. तो तिच्या समोरच्या बाकावर बसला होता. तिने मान वर केली की त्याची नजर नेमकी छताच्या पंख्याकडे असायची. पंखा बंद होता.

दुपारी एक आजोबा पडद्याआडून ओरडले, "अरे, तुझ्या मामाचं चित्र वरचं की खालचं?"

खोलीत सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याचे कान लाल झाले.

"आजोबा, मी आज मुका आहे."

"मग बोललास कसा?"

ती हसली नाही. निरीक्षकाने हसू नये असा नियम नव्हता, तरी तिने ओठ घट्ट मिटले आणि वहीत डोकं खुपसलं.

चार वाजता दार बंद झालं. सील तपासून पेटी टेबलावर रिकामी केली. शिक्का वरच्या रकान्यात असला तर मत मामांना, खालच्या रकान्यात असला तर मुख्याध्यापिकांना. पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधले जाऊ लागले. मामांचे सात गठ्ठे आणि वर बारा. मुख्याध्यापिकांचे सहा आणि वर एकतीस. बाद मतं सात. एकूण सातशे, यादीशी बरोब्बर जुळणारी. खिडकीबाहेर मामांच्या माणसांनी टाळ्या पिटायला सुरुवातही केली.

कारकुनाने मामांचा शेवटचा गठ्ठा रबरात अडकवला तेव्हा गठ्ठा जरासा वाकला आणि कडा पसरल्या. अर्ध्याच्या खाली शिक्के दुसऱ्याच रकान्यात होते. निदान तिला तसं वाटलं. लिहिता लिहिता ती थांबली. चुकत तर नसू आपण? तिने कोरा कागद पुढे ओढला.

"साहेब," समोरून आवाज आला. तो उभा राहिला होता. "तो गठ्ठा पुन्हा मोजा."

"तुमच्याच उमेदवाराचा आहे हो तो!"

"माहीत आहे."

गठ्ठ्यात बावीस मतं मुख्याध्यापिकांची निघाली. घाईत एक ढीग दुसऱ्यावर ठेवला गेला होता. मामा तेरा मतांनी पडले. खिडकीबाहेरच्या टाळ्या कुठल्या कुठे गेल्या. त्याने निकालाच्या कागदावर सही केली आणि कुणाकडेही न बघता तो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी तो दवाखान्याच्या खिडकीशी उभा राहिला.

"मामांच्या रक्तदाबाच्या गोळ्या."

"कसे आहेत?"

"मामीला विचारावं लागेल. माझ्याशी बोलत नाहीत. 'घरचा भेदी' म्हणतात... तेही मामीमार्फत."

तिने गोळ्या पुडीत बांधल्या, पण त्याच्या हातात दिल्या नाहीत. "पाचला सुटते मी. मीच घेऊन येते."

संध्याकाळी दोघं घरी पोचले तेव्हा मामा आरामखुर्चीत वर्तमानपत्राआड बसले होते. तो दाराशीच उभा राहिला. तिने पुडी टेबलावर ठेवली आणि आपण कोण ते सांगितलं.

"तो गठ्ठा मी आधीच पाहिला होता. हे उठले नसते तर मी लेखी दिलं असतं. मग चौकशी लागली असती, आणि लोकांनी कारकुनाचं नाही, तुमचं नाव घेतलं असतं."

वर्तमानपत्र खाली आलं. मामांनी त्याची घडी घातली.

"म्हणजे गुलाल अंगावर असतानाच खुर्चीवरून उठवलं असतं."

"हो."

आतून मामीचा आवाज आला, "मी काय वेगळं सांगत होते तीन दिवस?"

मामा खाकरले. मग भाच्याकडे वळून, तीन दिवसांत पहिल्यांदाच, थेट म्हणाले, "खांबासारखा उभा काय राहिलास? त्यांना बसायला दे."

निघताना तो तिला फाटकापर्यंत सोडायला आला.

"एक कबूल करू?" तो फाटकाच्या कडीशी चाळा करत म्हणाला. "तो गठ्ठा मला आधी दिसलाच नव्हता. तुमचं पेन थांबलं... दिवसभर एकदाही थांबलं नव्हतं ते. म्हणून तुम्ही बघत होतात तिकडे मी पाहिलं."

"म्हणजे प्रतिनिधी दिवसभर मतपेटी सोडून भलतीकडेच बघत होता?"

"अहवालात लिहा हवं तर."

"नाही लिहिता येणार."

"का?"

ती फाटकाबाहेर पडली, चार पावलं गेली, आणि वळली.

"निरीक्षक स्वतः कुठे बघत होती... तेही लिहावं लागेल ना."