बिनकष्टाचा घाम

चादर घ्यायला गेलो होतो. गडद रंगाची, ओल न दिसणारी. दुकानदार हसत म्हणाला, “काय आजोबा, नवी चादर? या वयात बोहल्यावर चढताय की काय?” मीही हसलो. त्याला काय सांगणार?

उभा जन्म बेकरीच्या भट्टीपुढे घाम गाळला, त्याची कधी लाज वाटली नाही. पण हे जुनं दुखणं अंगात मुरल्यापासून रात्री जो घाम फुटतो, तो बिनकष्टाचा. पाण्यातून काढल्यासारखा होतो मी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, अंगाखाली टॉवेल घ्या, उशाशी कोरडा बनियन ठेवा, पाणी पीत जा, आणि घरात सांगून ठेवा. बाकीचं सगळं ऐकलं. शेवटचं तेवढं जमलं नाही. मुलगा परगावी नोकरीला, घरात मी आणि सूनबाई. म्हातारा अंथरूण ओलं करतो असं तिला वाटलं तर? म्हणून ती उठायच्या आधी चादर पिळून वाळत घालायची, आणि साळसूदपणे चहाला बसायचं.

एका रात्री घाम असा फुटला, की उशापर्यंत हात जाईना. तसाच पडून राहिलो. तेवढ्यात अंधारात कुणीतरी हळूच माझा बनियन वर सरकवला. मान, पाठ, काखा... सगळं सावकाश पुसून काढलं. कोरडा बनियन चढवला. हात गार होते, आणि त्यांना बंद खोलीतल्या ओलीचा वास होता. मी डोळे गच्च मिटून झोपेचं सोंग घेतलं. सासऱ्याचं अंग सुनेनं पुसावं! धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं.

मग रोजच तसं होऊ लागलं. तिच्याकडे मान वर करून बघायची सोय राहिली नाही. शेवटी जेवताना, ताटाकडे बघतच म्हणालो, “पोरी, रात्री येत जाऊ नकोस. माझं मी पुसीन.”

“काय पुसाल? मी कुठे येते रात्री?”

मग सगळंच सांगावं लागलं. ती आधी चिडली. “धन्य आहे तुमची! आजार म्हणजे काय चोरी आहे, लपवायला?” नंतर डोळे टिपत म्हणाली, “ग्लानीत भास होत असेल, बाबा. आज मी तुमच्याच खोलीत अंथरूण टाकते.”

त्या रात्री घाम फुटला, तेव्हा मी तिच्या बाजूला तोंड करून कुशीवर होतो. पाठीवर गार हात आला. आज लाज जरा कमी वाटली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं ना.

“सूनबाई... दमली असशील. पुरे आता.”

“अं?” आवाज खालून आला, समोरच्या अंथरुणातून. “घाम आला का? थांबा, बाबा... उठते.”

माझ्या पाठीमागे तर पलंगाला चिकटून भिंत होती.

तिनं चाचपडत दिवा लावला. टॉवेल घेऊन वळली, आणि जागच्या जागी थिजली. बघत होती ती माझ्या खांद्यामागे.

“बाबा...” अगदी हळू म्हणाली, “मागे वळू नका...”

पाठीवरचा हात मात्र थांबला नाही. सावकाश, मायेनं, पुसतच राहिला.