सातांतले तीन

अमरावतीच्या अब्दुल रहीमभाईंच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात धर्मपाल तिसऱ्यांदा तोच सेन्सर परत करायला उभा होता, तेव्हा मागून एक मुलगी म्हणाली, "सेन्सर चांगला आहे जी. तुमचं वायफाय बडबडं आहे."

तो वळला. खांद्याला कापडी पिशवी, हातात सोल्डरच्या तारेचं रीळ आणि ओठांत दाबलेलं हसू.

"तुमाले काय माहीत?"

"आकडे कवा उड्या मारतात? निरोप पाठवतानाच ना?"

धर्मपालनं मान हलवली. तो अकोल्यात पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचा, तारेच्या गुंडाळ्या नव्यानं भरून द्यायचा. फावल्या वेळात गच्चीवरच्या कुंड्यांतली ओल मोजायचं यंत्र जुळवत होता. तारेवरून आकडा सरळ यायचा. वायफायवरून संगणकाकडे पाठवायला लागलं की चारशेचे नऊशे व्हायचे, नऊशेचे दोनशे.

"वायफाय बोलते तवा एकदम वीज ओढते," ती म्हणाली. "बाकीच्याईले कमी पडते, मंग ते काहीबाही सांगतात. त्याच्या पायाशीच वीज साठवणारा एक मोठा कपॅसिटर लावा. अन् मोजायचं तवा त्याले चूप बसवा."

"चूप बसवून मोजायचं…"

"हो. माणसाईलेबी चालते हे."

"मले म्हणून राहिल्या का?"

"मघापासून तुमी चाचाले बोलू देऊन नाही राहिले, म्हणून म्हटलं."

"बेटी, तीन हफ्त्यांपासून मी हेच सांगून राहिलो," रहीमभाई म्हणाले.

तिचं नाव ज्योत्स्ना. एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. कपॅसिटरच्या पुडीवर तिने स्वतःचा नंबर लिहून दिला – नाही जमलं तर म्हणून. पण जमलं. दुसऱ्याच दिवशी आकडे सरळ झाले. धर्मपालनं तरीही फोन केला.

"काहून? नाही जमलं का?"

"जमलं. हेच सांगायले केला…"

पलीकडे ती हसली.

पुढे तो रविवारी अमरावतीला येऊ लागला. रेल्वेनं बडनेरा, तिथून ऑटो. रहीमभाईंकडे काही ना काही घ्यायचं असायचंच. मग कोपऱ्यावरच्या गाड्यावर गिलावडा. ती दही त्याच्याकडे सरकवायची, तो मिरची तिच्याकडे. कपॅसिटर लावूनही अधूनमधून एखादा आकडा उडी मारतो, असं त्यानं सांगितलं, तेव्हा तिने वहीच्या पानावर त्याला फिल्टर समजावला.

"दर दोन सेकंदाले एकदा मोज. असे सात आकडे घे. लहानापासून मोठ्यापर्यंत लाव अन् मधला तेवढा ठेव. सात जणांची पंचायत समज. तिघं खोटं बोलले तरी चालते. चौघं म्हणतील ते खरं."

"अन् ते तिघंच खरं बोलत असले तर?"

"तर त्याईचं नशीब," ती म्हणाली आणि हात धुवायला उठली.

संगणकात त्यानं तो फिल्टर बसवला. पडद्यावरची रेघ इतकी सुरेख सरळ झाली, की त्यानं त्या रेघेचा फोटो काढून ज्योत्स्नाला पाठवला. मग तिच्या खिडकीतल्या मिरचीच्या कुंडीसाठीही एक यंत्र करून दिलं. एक सेन्सर ओल मोजायचा, एक उजेड. आकडे अकोल्याला यायचे, त्याच फिल्टरमधून जायचे.

"आज पाणी नाही दिलं तू," तो दुपारी फोनवर लिहायचा.

"तुझं सारं ध्यान माह्या मिरचीवर," ती लिहायची. "मी जेवली का, हे नाही विचारलं."

मार्चमधल्या एका रविवारी गाड्याशी उभ्या उभ्याच त्यानं विचारलं. फार काही बोलता आलं नाही. "आईले घेऊन येऊ का तुमच्या घरी?" एवढंच.

ज्योत्स्नानं कागदाचा द्रोण चुरगाळला. "येत्या रविवारी मामा येऊन राहिला… नागपूरचं स्थळ घेऊन."

"मंग?"

"मले बुधवारपर्यंत विचार करू दे. हो म्हणायचं असलं तर गुरुवारपासून मी संध्याकाळी पाचले उजेडाच्या सेन्सरवर हात ठेवीन. तुले तिथं अंधार दिसन. दिसला, तर रविवारी मामाच्या आधी आईले घेऊन ये. नाही दिसला, तर येऊ नको. फोनबी करू नको, धर्मपाल. मले तोंडानं नाही म्हणता येणार नाही."

"अन् तोंडानं हो?"

"तेबी नाही," ती म्हणाली. कानापर्यंत लाल झाली होती.

गुरुवारी पाच वाजता तो पडद्यासमोर बसला. रेघ सरळ होती. शुक्रवारी दुकान लवकर बंद करून बसला. रेघ सरळ. शनिवारी चारपासूनच बसला. आई दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही कप गार झाले. उन्हाबरोबर रेघ हळूहळू खाली उतरत गेली, एकदाही न अडखळता.

रविवारी तो गेला नाही. फोनही केला नाही. तिनं सांगितलं होतं ते त्यानं अगदी नीट पाळलं.

मे महिन्यात तिचं लग्न झालं.

सप्टेंबरात संगणक भरला म्हणून तो जुन्या फायली काढत होता. खिडकीतून आलेले मूळ आकडे, फिल्टरच्या आधीचे, एका फाइलीत आपोआप साठत गेले होते. पुसण्याआधी त्यानं सहज मार्च उघडला.

गुरुवार, पाच वाजता. सातशे दहा, सातशे दहा, शून्य, शून्य, शून्य, सातशे दहा. शुक्रवारी परत तीन शून्यं. शनिवारी थांबून थांबून पाच वेळा. दर वेळी तीनच.

खिडकीला लागून स्वयंपाकघर होतं, तिची आई तिथंच असायची. त्याच्या ध्यानात आलं, सहा सेकंदांहून जास्त हात ठेवायची तिला लाज वाटली असणार. आणखी दोन सेकंद ठेवला असता, तर चौथं शून्य पडलं असतं आणि पंचायत तिच्या बाजूनं गेली असती. किंवा त्यानं एकदा, एकदाच, फिल्टर काढून पाहिलं असतं. ज्या माणसाला मोटारीच्या आवाजावरून कुठली गुंडाळी जळाली ते कळायचं, त्याला हे सुचलं नव्हतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो रहीमभाईंकडे तार घ्यायला गेला, तर ज्योत्स्ना तिथंच होती. माहेरी आली होती. हातात हिरवा चुडा, खांद्याला तीच कापडी पिशवी. रहीमभाईंनी दोघांकडे पाहिलं आणि काही आणायला आत गेले.

"कसा आहे?"

"बरा आहे. तू?"

"चांगली आहे. ते चांगले आहेत सभावानं." ती काउंटरवरची सुटी बटणं एका रांगेत लावत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "एक विचारू का… तुह्या फिल्टरमधे आकडे किती होते?"

त्याला कळलं. ती इतके महिने हाच हिशेब करत होती. सात म्हटलं की तिला सगळं समजणार होतं. समजलं की ते तिच्याबरोबर नागपूरला जाणार होतं, रोजच्या स्वयंपाकात, रोजच्या पाच वाजता.

"पाच," धर्मपाल म्हणाला.

"सात नाही?"

"सातानं उशीर होते. नंतर पाच केले होते मी."

बटणांवरचा तिचा हात थांबला. "पाचात तिघं म्हणजे… मंग दिसलं असन तुले."

"दिसलं होतं."

"तिन्ही दिवस?"

"तिन्ही दिवस. हिंमत नाही झाली."

तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. राग आला, तो त्यानं येताना पाहिला आणि जातानाही पाहिला. मग तिनं दमल्यासारखा श्वास सोडला.

"बरं झालं सांगितलं," ती म्हणाली. "मले वाटे, मीच हात लवकर काढला."

पिशवी खांद्यावर नीट करून ती पायऱ्या उतरली. रहीमभाई तारेचं बंडल घेऊन बाहेर आले. किती मीटर, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं, तेव्हा धर्मपालनं आकडा सांगितला.

अकोल्याच्या त्या संगणकात फिल्टर अजून सातचाच आहे.