मशीन काढल्यावर

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. हे माझ्या मोठ्या मावशीच्या बाबतीत घडलं, तेही भर दुपारी, लख्ख उन्हात.

मावशीचा उभा जन्म छापखान्यात गेला आणि तिथल्या यंत्रांनी तिचे दोन्ही कान खाल्ले. कानातलं मशीन काढलं की उशाशी ढोल बडवले तरी तिला पत्ता लागत नाही.

त्या दिवशी ती मुलगा, सून आणि नातीबरोबर समुद्रकाठचा एक खडक बघायला गेली. नातीला सगळे भुंगी म्हणतात, कारण तिची गुणगुण थांबत नाही. मावशीचा ती जीव की प्राण.

लाटांनी पोखरून खडकाला आरपार कमान पडली होती. बाकीचे फोटोंसाठी वर चढले; गुडघ्यांच्या कृपेने मावशी खालीच राहिली. तुषार उडत होते, म्हणून तिने मशीन काढून डबीत ठेवलं आणि डबी पर्समध्ये.

सगळं गप्प झालं.

आणि मग…

"आजी, इकडे ये ना."

आवाज कमानीच्या आतून आला. भुंगीचाच. मशीनमधून येतो तसा पत्र्याचा नाही, अगदी स्वच्छ. मावशीला आधी आनंदच झाला. मग वाटलं, पोरगी पाण्यात एकटी कशी?

ती आत शिरली. पाणी घोट्यापर्यंत… गुडघ्यापर्यंत…

कोणीच दिसेना.

"आजी, हात दे."

तिने हात पुढे केला. भिजू नये म्हणून दुसऱ्या हाताने पर्स उचलली. आतली डबी बोटांना लागली.

मशीन तर डबीत होतं.

मावशीने मागे वळून पाहिलं. वर उन्हात, बापाचा हात धरून, भुंगी उभी होती. जिवाच्या आकांताने ओरडत होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं… पण आवाज नव्हता.

"आजी, तिकडे नको बघूस."

हे आतून आलं.

ती बाहेर कशी आली, तिला आठवत नाही. मुलगा सांगतो, तिची मूठ कोणाचा तरी हात धरल्यासारखी मिटली होती आणि बराच वेळ उघडत नव्हती.

खरं काय घडलं ते तिने फक्त मला सांगितलं. तेव्हापासून ती मशीन घालूनच झोपते. भुंगीने हाक मारली की आधी कान चाचपते, मगच ओ देते. सख्ख्या नातीच्या हाकेची धास्ती घ्यायची, ही केवढी शिक्षा.

परवा मी तिच्याकडे होते. भुंगी शाळेत गेलेली. मशीन टेबलावर चार्जिंगला लावून मावशी खुर्चीत टेकली आणि तिचा डोळा लागला. घरात आम्हां दोघींशिवाय चिटपाखरू नव्हतं.

झोपेतच मावशी हसली…

"ओ," ती म्हणाली. "आले गं."

मी तिला गदागदा हलवून उठवलं. ती माझ्यावरच चिडली. म्हणाली, पोरगी एवढी बोलावत होती, तू मध्येच कशाला आलीस?