समुद्रात पडलेलं मैदान

"समुद्रात? आपलं मैदान समुद्रात?" ढब्बू संगणकाच्या पडद्याला नाक लावून किंचाळला.

खरंच! मैदानाचा हिरवा चौकोन निळ्या पाण्यात मजेत तरंगत होता. त्याची ताई, मिरची, धावतच पडद्यापाशी आली. संध्याकाळी नकाशा छापायला जाणार, आणि नकाशात नसलेली मोकळी जागा गोदामाला मिळणार! मग खेळायचं कुठे, गच्चीवर?

नकाशा कचेरीच्या मोठ्या बाई कडाडल्या, "हे काम कुणाचं?"

मिरची निर्धास्त होती. याच कचेरीत आकडे भरणारा मामा होता ना! जीपीएस यंत्र हातात देऊन मोजायला त्यानेच तर शिकवलं होतं.

मामा खाकरला. "पोरांनी आकडे चुकीचे आणले, बाई. मी आपला भरवसा ठेवला."

भरवसा? त्याने ठेवला? मिरचीचे कान तापले. भर उन्हात, पायात काटे मोडून घेत, चारही कोपऱ्यांवर आकडा स्थिर होईपर्यंत ती उभी राहिली होती. आणि सख्ख्या मामाने असा केसाने गळा कापावा! डोळ्यांत पाणी आलं, पण तिथे रडेल ती मिरची कसली?

"मामा, या कचेरीच्या जागेचे आकडे भिंतीवर लिहिलेत. तेवढे टाकून दाखव की!"

"त्यात काय? डोळे मिटून टाकतो!" मामाने ऐटीत बटणं बडवली.

धप्प! कचेरीही समुद्रात!

"आता कचेरीपण आम्हीच बुडवली का?" ढब्बू खिदळला. पलीकडे बसलेला छपाईवाला चहा सांडेपर्यंत हसला.

मिरचीने वही उघडली. "आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो, मग रेखांश. पण इथे पहिला रकाना रेखांशाचा आहे. मामाने उलटं भरलंय!"

बाईंनी स्वतः आकड्यांची अदलाबदल केली. मैदान टुणकन शाळेमागे, आपल्या जागी येऊन बसलं!

"शाब्बास! चूक झाली तर झाली, पण ती लेकरांच्या माथी मारायची? लाज नाही वाटली?" बाई मामावर गरजल्या. मग त्यांनी नकाशाखाली मोजणाऱ्यांची नावं घातली: मिरची आणि ढब्बू. मामाचं गाळलं.

बाहेर येताच मामा लाडात आला. "रागावलीस होय गं? मोठ्या बाईंपुढे असं बोलावं लागतं. चल, घरी सोडतो."

मिरचीने भावाचा हात धरला.

"नको. आम्हाला रस्ता येतो. तू तुझा सांभाळून ये, नाहीतर बुडशील!"